मेफ्लॉवर वंशजांचा अर्ज: घोडं अडतं ते मधल्या पिढ्यांत

१६२० साली मेफ्लॉवर जहाज १०२ प्रवासी घेऊन अमेरिकेला गेलं. पहिल्याच हिवाळ्यात त्यातले जवळपास निम्मे दगावले. ज्यांचा वंश पुढे चालला, त्यांच्या वंशजांना ‘जनरल सोसायटी ऑफ मेफ्लॉवर डिसेंडंट्स’चं सभासदत्व मिळतं. नातं मुलाकडून असो की मुलीकडून, रक्ताचं हवं. आधी राज्यशाखेला वंशावळ पाठवायची, मग कागद जोडायचे. शेवटची मंजुरी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथहून, म्हणजे संस्थेच्या मुख्य कार्यालयातून येते.

पहिल्या पाच पिढ्या बहुतेक वेळा संस्थेच्या ‘सिल्व्हर बुक्स’मध्ये, म्हणजे प्रवाशांच्या वंशावळींच्या छापील ग्रंथांत, तयार सापडतात. अलीकडच्या पिढ्यांचे दाखले निघतात. मात्र आई-वडिलांची नावं असलेला पूर्ण दाखलाच मागा. लोक रडकुंडीला येतात ते साधारण १७५० ते १८५० या काळापाशी. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याची जन्म-मृत्यू नोंदणी १८४१ला सुरू झाली, पेनसिल्व्हेनियात थेट १९०६ला! १८५०च्या आधीच्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. नात्याचा रकाना आला १८८०मध्ये. नसलेला दाखला शोधत वर्षं घालवू नका. मृत्युपत्रं आणि जमिनीची खरेदीखतं बघा. ‘माझी मुलगी मेरी, अमक्याची बायको’ एवढी एक ओळ दोन पिढ्या जोडून देते. घरच्या बायबलमधल्या जन्मनोंदी देताना मुखपृष्ठामागचं छपाईचं वर्ष असलेलं पानही जोडा. छपाई नोंदींच्या नंतरची असेल, तर त्या आठवणीतून लिहिल्या आहेत हे तपासणारा लगेच ओळखतो. इंटरनेटवरची आयती वंशावळ पुरावा म्हणून चालत नाही, नुसता डीएनए अहवालही नाही.

दुसरी हमखास चूक तारखांची. १७५२पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून ‘१० फेब्रुवारी १६९०/९१’ अशी दुहेरी नोंद दिसते आणि ‘बारावा महिना’ म्हणजे फेब्रुवारी. डिसेंबर समजून लिहिलंत, किंवा दोन वर्षांतलं एक गाळलंत, की मूल लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि अर्ज परत येतो. इतक्या कष्टांनी जमवलेले कागद एवढ्याशा चुकीपायी परत आले की फार वाईट वाटतं. नोंद जशी आहे तशीच उतरवा.

अमेरिकेतल्या मराठी घरात सून या वंशातली असेल, तर नातवंडांचा अर्ज तिच्या बाजूने होऊ शकतो. लग्न इथे पुण्यात-कोल्हापुरात लागलं असेल, तर लग्नपत्रिकेवर विसंबू नका. विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच काढा आणि त्यावर तिचं माहेरचं नाव जन्मदाखल्याप्रमाणे अक्षर न् अक्षर आहे ना, ते खिडकीपाशीच वाचून बघा.