पुरासाठी बांधलेली, पिण्यासाठी भरलेली: हैदराबादची दोन धरणे

हैदराबाद शहराच्या वरच्या अंगाला मुसी नदीवर उस्मानसागर आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर असे दोन जलाशय आहेत. उस्मानसागराला स्थानिक लोक गंडीपेट म्हणूनच ओळखतात, आणि शहराला पिण्याचे पाणी देणारे जुने तलाव अशी या जोडीची आजची ख्याती आहे. मात्र ही धरणे बांधण्याचा निर्णय झाला तो एका महापुरामुळे. दरवर्षी पावसाळ्यात त्यांचे दरवाजे केव्हा आणि किती उघडावेत यावरून जो वाद होतो, त्याचे मूळ या दुहेरी जबाबदारीत आहे.

मुसी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते, हैदराबादच्या जुन्या आणि नव्या वस्तीमधून वाहते आणि नलगोंडा जिल्ह्यात कृष्णेला मिळते. एरवी पायी ओलांडता यावी इतपत पाणी असणाऱ्या या नदीने २८ सप्टेंबर १९०८ रोजी, सोमवारी सकाळी शहरात शिरून अफझलगंज भागात सुमारे अकरा फूट पाणी चढवले. वरच्या बाजूला शमशाबाद येथे अठ्ठेचाळीस तासांत जवळजवळ एकोणीस इंच पाऊस झाला होता. बळींचा आकडा साधारण पंधरा हजार सांगितला जातो. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेले दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड पुढे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जपले गेले.

पाऊस अचाट होता हे खरे, परंतु विध्वंसाचे कारण तेवढेच नव्हते. पाणलोट क्षेत्रात ७८८ लहानमोठे तलाव होते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलाला एक. या मातीच्या बांधांवर शेती पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली होती. त्या पावसात यांपैकी २२१ तलाव फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळायचे आणि तोही जायचा. अशी ओळीने कोसळणारी साखळी नदीत उतरली, तेव्हा शहरापाशी पुराचा विसर्ग सुमारे सव्वाचार लाख क्युसेकपर्यंत (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी) पोहोचला असावा, असा अंदाज नंतर काढण्यात आला.

हा अंदाज बांधणारे अभियंते म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपीत, शिकलेले विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिक, धुळे, पुणे अशा ठिकाणी काम करून नुकतेच सेवेतून बाहेर पडले होते. युरोपच्या प्रवासात असताना त्यांना निजाम सरकारचे बोलावणे आले आणि १९०९ मध्ये ते हैदराबादला दाखल झाले. पूर्वी १९०३ मध्ये त्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. धरणाची उंची न वाढवता त्यात जास्त पाणी मावावे हा त्यामागचा हेतू होता. हैदराबादेत त्यांच्यापुढचा प्रश्न याच्या नेमका उलटा होता: पुराचे पाणी घ्यायला धरणात जागा मोकळी कशी राहील?

त्यांच्या योजनेत नदीकाठाच्या भिंती, किनाऱ्यावरची उद्याने, गटारे असे बरेच काही होते. परंतु तिचा गाभा शहराच्या वर दोन्ही नद्यांवर बांधायच्या जलाशयांचा होता. पुराचा सर्वांत उंच लोंढा जलाशयाने पोटात घ्यायचा, नदीच्या पात्रात मावेल तेवढेच पाणी खाली सोडायचे आणि उरलेले सावकाश रिकामे करायचे, असे त्याचे तंत्र. सहावा निजाम मीर महबूब अली खान १९११ मध्ये वारला आणि काम त्याचा मुलगा मीर उस्मान अली खान याच्या कारकिर्दीत झाले. उस्मानसागर १९२० मध्ये पूर्ण झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. दुसऱ्याला निजामाच्या थोरल्या मुलाचे नाव मिळाले. मराठवाडा त्या वेळी याच संस्थानाचा भाग होता.

उस्मानसागराची साठवणक्षमता ३.९ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आणि हिमायतसागराची सुमारे ३ टीएमसी, म्हणजे मिळून सातच्या आत. सव्वाचार लाख क्युसेकचा विसर्ग सलग आला, तर एक टीएमसी भरायला चाळीस मिनिटेही लागत नाहीत. दोन्ही जलाशय कोरडे असले तरी ते साडेचार तासांत काठोकाठ भरतील, आणि आधीच भरलेले असतील तर पुराच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखे. लोंढ्याचा माथा कापण्यापुरतीच त्यांची ताकद आहे, आणि तीही जागा शिल्लक असेल तरच.

ती जागा शिल्लक राहिली नाही, याला कोणाचा हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. जुने हुसेनसागर आणि मीर आलम तलाव वाढत्या शहराला पुरेनासे झाले, आणि उस्मानसागराचे पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने आसिफनगरच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचत होते. इतके स्वस्त पाणी हाताशी असताना सप्टेंबरमध्ये धरण अर्धे रिकामे ठेवा असे सांगणे सोपे, पाळणे अवघड. परतीचा पाऊस दगा देईल या भीतीने पाणी धरून ठेवायचे आणि तो जोरात आला की एकदम दरवाजे उघडायचे, ही कसरत पुण्याच्या मुठाकाठी राहणाऱ्यांनाही ओळखीची वाटेल.

पुढे मांजरा, सिंगूर, मग कृष्णा आणि शेवटी गोदावरीचे पाणी शहरात आले, तशी या जलाशयांवरची भिस्त कमी होत गेली. दरम्यान, १९९६ च्या शासन आदेश क्रमांक १११ ने त्यांच्या भोवतीच्या दहा किलोमीटर परिसरात प्रदूषणकारी उद्योग, मोठी गृहसंकुले आणि हॉटेले यांना बंदी घातली होती. या परिसरातील एका तेल कारखान्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पर्यावरणविषयक खटल्यांत त्याचा दाखला पुढे अनेकदा दिला गेला. तेलंगण सरकारने २०२२ मध्ये आदेश क्रमांक ६९ काढून हे निर्बंध उठवले. त्यावरची चर्चा मुख्यतः पाण्याच्या शुद्धतेभोवती फिरली. पाणलोटात काँक्रीट वाढले की पाऊस जमिनीत कमी मुरतो आणि धरणाकडे अधिक वेगाने धावतो, हा पुराचा मुद्दा तिच्यात मागे पडला.

ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले. शहराच्या दक्षिण भागात मोठी हानी झाली ती पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू या तलावांचे बांध फुटल्याने, म्हणजे मोठ्या धरणांच्या आवाक्याबाहेर. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही जलाशयांतून पाणी सोडल्यावर ते महात्मा गांधी बसस्थानकात शिरले. हे बसस्थानक नदीच्या पात्रातल्याच बेटावर उभे आहे.

त्याच वर्षी मल्लन्नसागर या जलाशयातून गोदावरीचे पाणी आणून हे दोन्ही जलाशय भरण्याच्या आणि मुसी वाहती ठेवण्याच्या योजनेची पायाभरणी झाली. बाहेरून पाणी मिळणार असेल, तर पावसाळ्यात जलाशय भरून ठेवण्याची धास्ती उरत नाही आणि पुरासाठी जागा मोकळी ठेवणे प्रथमच परवडेल. उलट, वर्षभर काठोकाठ तलाव दिसावेत या हौसेने ते पाणी जुलै-ऑगस्टमध्येही सोडले गेले, तर आहे ती जागाही जाईल. कोणत्या महिन्यात पातळी किती फुटांवर ठेवायची याचे वेळापत्रक या योजनेसोबत ठरले पाहिजे, कारण पाणी यायला लागल्यावर ती पातळी खाली आणायला कोणी सहसा तयार होत नाही.