‘मान्यताप्राप्त’ हेल्मेट आणि रिब्निकची शर्यत

पार्श्वभूमी

22 मे 2016. पोलंडमधील रिब्निक येथे स्पीडवेच्या, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवर ब्रेक नसलेल्या मोटारसायकली पळवण्याच्या खेळाच्या, सर्वोच्च लीगचा सामना चालू होता. पाहुण्या टार्नुव संघाचा 18 वर्षांचा रायडर यजमान संघाच्या रायडरशी टक्कर होऊन पडला आणि पडता पडता त्याच्या डोक्यावरचे हेल्मेट निघून गेले. मेंदूला झालेली दुखापत फार मोठी होती. यास्त्शेंब्ये-झ्द्रुयच्या रुग्णालयात त्याने सहा दिवस काढले आणि 28 मे रोजी त्याचा मृत्यू झाला. वडील स्पीडवे रायडर, काका रायडर. घरात गाड्यांचा आणि त्यांच्या इंधनाचा, मिथेनॉलचा, वास लहानपणापासूनचा. टार्नुवच्या मैदानाला तिथले लोक ‘पाकोळीचे घरटे’ म्हणतात. त्या घरट्यातले हे पोर होते आणि एप्रिलमध्येच त्याला अठरावे वर्ष पूर्ण झाले होते.

त्याची आठवण निघाली की बोलणे फिरून दोन गोष्टींवर येते: ट्रॅकभोवतीचे कुंपण आणि हेल्मेट. कुंपणावर पुष्कळ लिहिले गेले आहे, नियमही बरेच बदलले. हेल्मेटचा प्रश्न मात्र ‘मान्यताप्राप्त’ या एका शब्दापाशी अडकून राहतो, म्हणून इथे त्यावर अधिक.

कुंपणाचे थोडक्यात. जुन्या ट्रॅकना फळ्यांचे किंवा जाळीचे कुंपण असे. 2000 नंतर आधी जागतिक मालिकेत आणि मग मोठ्या लीगमध्ये वळणांवर एअर फेन्स आली. हवा भरलेल्या मोठ्या उशांची ही रांग रायडरला थोडी आत घेते आणि थांबायला अंतर देते. तिचे दोष वापरणाऱ्यांना पाठ असतात. खालची कड जमिनीशी घट्ट नसेल तर आडवी घसरत आलेली गाडी किंवा माणूस उशीखाली शिरतो. फूटरेस्टने कापड फाटले की ते शिवून पुन्हा हवा भरेपर्यंत शर्यत थांबवावी लागते. पंखे सतत चालू ठेवावे लागतात, कारण शिवणींतून हवा गळतच असते. दोन उशांचा जोड सैल असेल तर धक्का त्या फटीत बसतो. रिब्निकच्या चार वर्षे आधी, 13 मे 2012 रोजी व्रोत्सवाफमध्ये 33 वर्षांचा इंग्लिश रायडर कुंपणावर आदळून आतल्या रक्तस्रावाने गेला. त्यामुळे 2016 पर्यंत सुरक्षा म्हटले की कुंपण, हे समीकरण पक्के झाले होते. डोक्याकडे आणि हनुवटीखालच्या पट्ट्याकडे तितके लक्ष गेले नाही.

रिब्निकनंतर मुख्य प्रश्न होता: बांधलेले हेल्मेट निघतेच कसे? त्यावरचे नेहमीचे उत्तर, की हेल्मेट मान्यताप्राप्त होते की नाही ते तपासा. या उत्तराने फारसे काही कळत नाही. का, ते पाहण्यासाठी मान्यता कशाला मिळते हे समजून घ्यावे लागेल.

त्या काळी युरोपात चालणारे हेल्मेटचे मानक 22.05 हे होते. त्याचे लेबल हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेले असते. गोलात ‘ई’ हे अक्षर आणि त्याला लागून एक आकडा: 1 म्हणजे जर्मनी, 3 म्हणजे इटली, 20 म्हणजे पोलंड. हा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो, पण पुष्कळ लोक तो बनवणाऱ्या देशाचा समजतात. पुढे ‘05’ ने सुरू होणारा क्रमांक आणि शेवटी ‘पी’, ‘जे’ किंवा ‘एनपी’ अशी खूण. ‘पी’ असेल तर हनुवटीपुढचा भाग संरक्षक म्हणून तपासला गेला आहे. ‘एनपी’ असेल तर तो भाग दिसायला आहे, संरक्षणाला नाही; ‘जे’ असेल तर तो भागच नसतो. तांत्रिक तपासणीत टेबलावर ठेवलेल्या हेल्मेटचे हे लेबल वाचले जाते, कवचावर तडे आहेत का ते पाहिले जाते आणि स्टिकर चिकटवले जाते.

आता प्रयोगशाळेत काय होते ते पाहू. हेल्मेट डोक्याच्या कठीण साच्यावर चढवून लोखंडी ऐरणीवर सेकंदाला 7.5 मीटर वेगाने, म्हणजे ताशी 27 किलोमीटरने, आदळतात. साच्यातील धक्का 275 ‘जी’च्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 275 पटीच्या, वर जाता कामा नये. शंभराच्या आसपास पळणाऱ्या गाडीसाठी 27 हा आकडा अनेकांना हास्यास्पद वाटतो, पण त्याला कारण आहे. रायडर सपाट मातीवर पडतो तेव्हा डोके जमिनीकडे ज्या वेगाने येते तो उंचीवर ठरतो, गाडीच्या वेगावर नाही. 7.5 मीटर हा वेग साधारण 2.9 मीटरवरून पडण्याचा आहे. मोकळ्या वळणावर हा हिशेब ठीक बसतो. समोर कुंपण, दुसऱ्याची गाडी किंवा गुडघा आला की तो मोडतो.

पट्ट्याची चाचणी वेगळी असते. 10 किलोचे वजन 75 सेंटिमीटरवरून सोडून पट्ट्याला झटका देतात. झटक्याच्या क्षणी पट्टा 35 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये आणि नंतर उरलेली वाढ 25 मिलिमीटरच्या आत हवी. म्हणजे उत्तीर्ण झालेला पट्टाही साडेतीन सेंटिमीटरपर्यंत लांबू शकतो. हेल्मेट निघते का ते पाहण्याची चाचणी याहून निराळी: कवचाच्या मागच्या कडेला दोर लावून 10 किलोचे वजन अर्ध्या मीटरवरून सोडतात आणि हेल्मेट पुढे 30 अंशांपेक्षा जास्त फिरले तर ते नापास.

या दोन्ही चाचण्यांत हेल्मेट नवे असते, साच्याच्या मापाचे असते आणि पट्टा शांतपणे, नीट ओढून बांधलेला असतो. गफलत इथेच होते. मान्यता हेल्मेटच्या नमुन्याला मिळते. त्या दिवशी, त्या डोक्यावर, त्या हातांनी बांधलेल्या हेल्मेटला ती कोणी दिलेली नसते. तरी ‘मान्यताप्राप्त होते’ हे वाक्य ऐकले की सगळे गप्प बसतात.

पट्टा कुठे चुकतो हे पिट्समध्ये, म्हणजे रायडर आणि मेकॅनिक तयारी करतात त्या जागी, उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. शर्यतीच्या हेल्मेटला बहुधा डबल डी-रिंग, म्हणजे ‘डी’ अक्षराच्या आकाराच्या दोन कड्या, असतात. पट्टा दोन्ही कड्यांतून एकत्र ओवायचा, मग मागे वळवून बाहेरच्या कडीवरून घेत आतल्या कडीखालून काढायचा आणि खाली ओढायचा. दोन कड्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि पट्टा मध्ये चिमटला जातो. जितका झटका जास्त तितकी पकड घट्ट. घाईत तो परत न वळवता नुसता दोन्ही कड्यांतून काढला तर पकड शून्य. फसवणूक होते ती टोकाच्या बटणामुळे. ते चुटकन लागते आणि सगळे बंद झाल्यासारखे वाटते. बटणाचे काम पट्ट्याचे टोक वाऱ्यात फडफडू न देणे एवढेच आहे, भार घेण्याचे नाही.

आता सामन्याचे वेळापत्रक बघा. लीगच्या सामन्यात 15 हीट, म्हणजे चार-चार रायडरच्या छोट्या शर्यती, असतात आणि एक रायडर त्यात साधारण तीन ते सहा वेळा गेटवर, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर, जातो. यजमानांना लाल व निळा रंग, पाहुण्यांना पांढरा व पिवळा. त्या रंगाची कापडी टोपी हेल्मेटवर चढवायची असते, ती इलॅस्टिकवर बसते. प्रत्येक हीटनंतर हेल्मेट उतरते, गॉगलवरच्या फाडायच्या फिल्म बदलतात, चेहऱ्याचा मास्क झटकला जातो. मग दोन मिनिटांचा दिवा लागतो, तेवढ्या वेळात गेटवर हजर व्हायचे असते, आणि पुन्हा सगळे चढवायचे. तोपर्यंत हातमोजे मातीने आणि घामाने निसरडे झालेले असतात, पट्टाही ओला असतो. पहिल्या हीटला जितका ताणून बांधला तितका तो शेवटच्या हीटला बांधला जाईलच असे नाही. मेकॅनिक गाडी ढकलत असतो, क्लच बघत असतो. हनुवटीखाली हात घालून बघायची पाळी कोणाची, हे ठरलेले नसते.

दुसरी गोष्ट मापाची. आतले पॅडिंग वापराने आणि धुण्याने बसते. सुरुवातीला गालांना घट्ट लागणारे हेल्मेट काही महिन्यांत डोक्यावर फिरू लागते. तेव्हा गालाचे पॅड बदलायचे असतात. कवचाखालचा थर्मोकोलसारखा थर एकदा दबला की परत फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बाद करायचे. कुमार रायडरच्या बाबतीत आणखी एक सवय घात करते. कपडे वाढत्या अंगाचे घेतात तसे हेल्मेटही एक माप मोठे घेतले जाते. मोठ्या हेल्मेटचा पट्टा कितीही ओढला तरी कवच डोक्यावर फिरते, आणि फिरणारे कवच हनुवटीवरून सुटायला थोडाच कोन पुरतो.

तिसरी गोष्ट आकाराची. स्पीडवेत मोटोक्रॉस पद्धतीचे हेल्मेट वापरतात: वर छज्जा आणि हनुवटीपुढे लांब आलेली दांडी. समोरून येणारी माती चुकवायला छज्जा लागतोच. पण तोंडघशी पडलेल्या रायडरचा छज्जा किंवा ती दांडी मातीत रुतली की ती तरफेसारखी काम करते आणि हेल्मेट मागे ढकलते. 22.05 ची चाचणी मागून पुढे ओढण्याची होती, पुढून मागे ढकलण्याची नाही. छज्जा प्लॅस्टिकच्या स्क्रूवर बसवलेला असेल तर तो मोडून बाजूला होतो. तुटू नये म्हणून कोणी तिथे धातूचा स्क्रू घातला तर तरफ पक्की होते.

तपासायला अर्धे मिनिट लागते. हेल्मेट डोक्यावर, पट्टा बांधलेला, तो हनुवटीच्या टोकावर न राहता मागे गळ्याच्या खोबणीत. पट्टा आणि गळा यांत जेमतेम दोन बोटे जावीत. मग दुसऱ्याने मागे उभे राहून मानेजवळची कड धरायची आणि वर उचलत पुढे लोटायची. नंतर समोरून हनुवटीची दांडी धरून वर आणि मागे. कातडी ओढली जायला हवी, हेल्मेट सरकायला नको. भुवयांच्या खाली उतरले किंवा पट्टा हनुवटीवर चढला तर ते हेल्मेट त्या डोक्याचे नाही, लेबल कोणतेही असो. ही तपासणी टेबलावर होऊ शकत नाही. ती गेटकडे निघायच्या आधी, माणसाच्या डोक्यावरच करावी लागते. नियमपुस्तकाला नेमके हेच अवघड जाते, कारण लेबल सर्वांसाठी एकच असते आणि घट्टपणा प्रत्येक हीटला वेगळा. ही जबाबदारी रायडरची की अधिकाऱ्यांची, हा वाद तिथून सुरू होतो. अठरा वर्षांच्या मुलावर, दोन मिनिटांच्या दिव्याखाली, ती एकट्यावर टाकणे योग्य नाही.

नंतरच्या वर्षांत मानके झपाट्याने बदलली. 2019 पासून आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने डांबरी सर्किटच्या शर्यतींसाठी स्वतःची हेल्मेट चाचणी लागू केली. तिच्यात आदळण्याचा वेग सेकंदाला 8.2 मीटर, म्हणजे जवळजवळ साडेतीन मीटरवरून पडण्याइतका झाला. शिवाय 45 अंशांच्या तिरक्या, खरबरीत ऐरणीवरची चाचणी आली. डोके तिरके घासले की कवटी झटकन फिरते, आतला मेंदू मागे राहतो आणि त्याच्या शिरा ताणल्या जातात. सरळ धक्का मोजून हे दिसत नव्हते. 2021 पासून लागू झालेल्या 22.06 या युरोपीय मानकानेही तिरकी चाचणी घेतली. हे सगळे चांगले झाले, आणि फार उशिरा झाले. तरी यातला मोठा भाग डोक्यावर असलेल्या हेल्मेटविषयी आहे. निघून गेलेल्या हेल्मेटला 8.2 काय आणि 7.5 काय.

जुना इतिहास इथे फारसा उपयोगी पडत नाही. 1923 साली ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंडच्या प्रदर्शन मैदानावरच्या शर्यतीपासून हा खेळ धरतात; 1928 च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या हाय बीचवर हजारोंची गर्दी लोटली. तेव्हाचे रायडर चामड्याच्या टोप्या घालत. पुढे कडक कवच आले, मग तोंड झाकणारे हेल्मेट. हनुवटीखालचा पट्टा मात्र एवढ्या काळात तत्त्वतः तसाच राहिला, कापडाचा आणि हाताने बांधायचा.

गेलेल्या रायडरची आठवण पोलंडमध्ये शर्यतीनेच ठेवतात. लेश्नोचा लाडका रायडर 1950 मध्ये रस्त्यावरच्या मोटारसायकल अपघातात गेला. तिथल्या मैदानाला आजही त्याचे नाव आहे आणि 1951 पासून त्याच्या नावाची स्मृती-शर्यत सुरू झाली. अशा शर्यतीचा साचा ठरलेला आहे: 16 रायडर, 20 हीट, प्रत्येकाच्या वाट्याला पाच, आणि पाच हीटमध्ये प्रत्येकाची इतर पंधरा जणांशी एकेकदा गाठ. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, शेवटच्याला शून्य. सुरुवातीला सगळे रायडर आपापले हेल्मेट काढून हातात घेतात आणि एक मिनिट स्तब्ध उभे राहतात. मिनिट संपले की हेल्मेट पुन्हा डोक्यावर, पट्टा दोन्ही कड्यांतून, बाहेरच्या कडीवरून, आतल्या कडीखालून.