दीर्घकाळ आजारी बालकाच्या आईची झोप व मनःस्वास्थ्य

मधुमेह, दमा, अपस्मार (फेफरे), थॅलसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) यांसारखे वर्षानुवर्षे चालणारे आजार असलेल्या लहान मुलांच्या मातांमध्ये आढळणारा निद्राभंग व त्याचे मनावर होणारे परिणाम. तान्ह्या बाळापायी होणारे जागरण काही महिन्यांत सरते; इथे मूल शाळेत जाऊ लागले तरी रात्रीची पाळी सुटत नाही.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ही पाळी ठळकपणे दिसते. इन्सुलिनवर असलेल्या मुलाची साखर झोपेत उतरू शकते आणि चार वर्षांच्या पोराला ते कळतही नाही, सांगता येणे दूरच. म्हणून आई रात्री दोन-तीनच्या सुमारास उठते, मोबाइलच्या उजेडात झोपलेल्या मुलाचे बोट टोचते, पट्टीवर थेंब घेते. आकडा ७० च्या खाली असला तर मुलाला उठवून वजनाच्या मानाने साखर द्यायची (१५ किलोच्या मुलाला साधारण चमचाभर ग्लुकोज), पंधरा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा टोचायचे. आकडा ठीक निघाला तरी उठणे चुकत नाही. साखर सतत मोजणाऱ्या, कातडीवर बसवायच्या सेन्सरमुळे टोचणे कमी झाले, पण साखर उतरली की वाजणारा गजर आला. मूल कुशीवर झोपून सेन्सर दाबला गेला तरी तो साखर उतरल्याचे खोटेच सांगतो.

थॅलसेमियात वारंवार रक्त चढवल्याने शरीरात लोह साठते. ते काढण्यासाठी पोटाच्या कातडीखाली सुई लावून आठ ते बारा तास पंप चालवावा लागे, तोही आठवड्यातल्या बहुतेक रात्री. तोंडाने घ्यायची औषधे आल्यावर अनेक घरांतला हा पंप बंद झाला. उपचार बदलला की आईची रात्रही बदलते, पण औषधाचे गुणदोष मांडताना ही बाब क्वचितच धरली जाते.

झोप मोजण्यासाठी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली पिट्सबर्ग प्रश्नावली बरीच वापरली जाते. तिचे गुण ० ते २१. ५ च्या वर गेल्यास झोप निकृष्ट मानतात. नुसते तास मोजले तर फसगत होते: तीन तुकड्यांत मिळालेले सहा तास आणि सलग सहा तास सारखे नव्हेत. अमेरिकेतील लिसा मेल्टझर व जोडी मिंडेल यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलांच्या मातांची झोप निरोगी मुलांच्या मातांपेक्षा बिघडलेली आढळली. नैराश्याची लक्षणे व थकवाही त्यांच्यात अधिक होता.

निद्राभंगाने चिडचिड, विसराळूपणा, उदासी वाढते आणि उदासीने झोप आणखी उडते. घरात मात्र याचे निदान ‘ती फार काळजी करते’ असे होते, नाहीतर आईच्या मायेचे कौतुक करून विषय संपवला जातो. कौतुकाने पाळी वाटली जात नाही. आजी-आजोबा, काका-काकू असलेल्या घरातही सुई टोचायला शिकलेली बहुधा ती एकटीच असते.

‘झोपण्याआधी मोबाइल पाहू नका’ छापाचा सल्ला इथे फारसा चालत नाही. वडील किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला तपासणी व औषध शिकवून आठवड्यातल्या काही रात्री ठरवून त्यांच्याकडे देणे अधिक उपयोगी. बालरोग विभागात केसपेपर मुलाच्या नावाचा असतो, त्यामुळे आईच्या झोपेची चौकशी मुद्दाम करावी लागते. उदासी टिकून राहिल्यास मानसोपचार हवा. भारतात ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही विनाशुल्क हेल्पलाइन आहे, ती रात्रीही चालू असते.