यकृतात अडकलेली अंडी

गेल्या रविवारी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात माकडं बघत उभा होतो. शेजारच्या काकांनी पुडी सोडली, मूठभर शेंगदाणे आत भिरकावले. मी हटकलं तर म्हणाले, "काही होत नाही हो! जंत झालेच तर शी तपासतात की."

हा समज सुशिक्षितांमध्येही आहे. पण कॅपिलॅरिया हेपॅटिका हा जंत शी तपासून सापडतच नाही. मूळचा तो उंदरांचा. जगात अनेक ठिकाणी पिंजऱ्यातल्या माकडांच्या, चिंपांझींच्या यकृतात तो आढळला आहे.

गिळलेल्या अंड्यातून आतड्यात अळी निघते, आतड्याची भिंत भेदते आणि रक्तातून यकृतात पोहोचते. तिथे वाढलेली मादी पाच-सात सेंटिमीटर लांब, पण केसासारखी बारीक. महिन्याभरात ती यकृताच्या गाभ्यातच अंडी घालते आणि तिथेच मरते. सूक्ष्मदर्शकाखाली अंडं इवल्याशा पिंपासारखं दिसतं, दोन्ही टोकांना बूच. त्यात चार-आठ पेशी झाल्या की वाढ थबकते, कारण पुढच्या वाढीला मोकळी हवा लागते. ती यकृतात कुठली? पित्तातून आतड्यात उतरायची वाटही या अंड्यांना नाही. ज्याच्या यकृतात ती आहेत तो प्राणी मरेपर्यंत ती तशीच पडून राहतात. उंदीर मेला आणि कुजला, किंवा मांजराने खाल्ला आणि अंडी न पचता तिच्या विष्ठेतून पडली, तरच ती मातीत येतात. तिथे ओल आणि हवा मिळाली की काही आठवड्यांत आत अळी तयार होते. त्या मातीत लोळलेलं केळं माकडाने उचललं, की चक्र पुन्हा सुरू.

म्हणजे शीमध्ये ही अंडी दिसलीच, तर त्या प्राण्याने दुसऱ्या कुणाचं तरी बाधित यकृत खाल्लेलं असतं. त्याचं स्वतःचं यकृत ठणठणीत असू शकतं!

माकडाचं शरीर अंड्यांभोवती पेशींचं कुंपण घालतं, त्याचे तंतू होतात आणि यकृत हळूहळू टणक होत जातं. खात्रीचं निदान यकृताचा तुकडा तपासून होतं, बहुतेकदा तर शवविच्छेदनातच. अल्बेंडाझोलसारखी औषधं जंत मारतात, पण साचलेली अंडी आणि तयार झालेले तंतू मागे उरतात.

यकृताचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देतोच. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, ते आधी हाताला चोळलेल्या झाडाच्या सालीच्या रसामुळे. यकृतातलं काहीही त्या पाण्यात उतरत नाही. असल्या थोतांडापायी माणसांचे उपचाराचे दिवस वाया जातात, याची मला फार चीड आहे.

माकडांसाठी खरा उपाय म्हणजे पिंजऱ्याभोवती उंदीर फिरकू न देणे. माकड निम्मे दाणे सांडतं आणि सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर येतात. काकांना एवढंच सांगितलं. त्यांनी पुडीची घडी घालून ती खिशात ठेवली.