एलिफंट पास: श्रीलंकेच्या यादवीतली पाण्याची लढाई

श्रीलंकेच्या नकाशात जाफना द्वीपकल्प मुख्य बेटापासून जवळजवळ तुटलेला दिसतो. मधे उथळ खाजण, आणि ते ओलांडायला जेमतेम एक किलोमीटर रुंदीची जमीन. ही जागा म्हणजे एलिफंट पास. जाफनातून परदेशी पाठवायचे हत्ती पूर्वी इथूनच नेत, म्हणून हे नाव. कँडी-जाफना रस्ताही, म्हणजे ‘ए-9’, इथूनच जातो. 1983 ते 2009 या यादवीत इथलं लष्करी ठाणं ज्याच्या हाती, त्याच्याच हाती जाफनाला जाणारी जमिनीवरची वाट.

जुलै 1991 मध्ये एलटीटीईने, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी सरकारशी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, सरकारी लष्कराच्या या ठाण्याला वेढा घातला. भोवती सपाट, उघडा प्रदेश, आडोसा नावालाही नाही. म्हणून बुलडोझरला पोलादी पत्रे ठोकून त्यांनी रणगाड्याचं काम काढायचा प्रयत्न केला. पण उघड्या मैदानाचा त्रास हल्लेखोराला होतो तसा मदतीला येणाऱ्यालाही होतो. पूर्व किनाऱ्यावर वेट्टिलैकेर्नीला उतरलेल्या लष्कराला तिथून ठाण्यापर्यंतचं दहा-बारा किलोमीटर अंतर कापायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. ठाणं मात्र टिकलं.

2000 साली ते पडलं, आणि त्यात विहिरींचा वाटा मोठा होता. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. किनाऱ्यालगत जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी त्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. उपसा वाढून ती अर्धा मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी कालांतराने 20 मीटर वर सरकतं. नदी नसलेला जाफना याच भूजलावर जगतो. खुद्द एलिफंट पासला दोन्ही बाजूंना खारं खाजण, जमीन सखल. तिथे मिठागरं चालत, पिण्याचं पाणी मिळत नसे. ते यायचं काही किलोमीटर मागे, जाफनाच्या बाजूला असलेल्या इयाकच्चीच्या विहिरींतून.

26 मार्च 2000 ला एलटीटीईची माणसं बोटींनी कुडारप्पूच्या किनाऱ्यावर, म्हणजे ठाण्याच्या पाठीमागे उतरली आणि जाफनाचा रस्ता तोडला. एप्रिलमध्ये इयाकच्चीही गेलं. तोफा होत्या, दारूगोळा होता, पण उन्हाळ्यात पाण्यावाचून फौज किती दिवस तग धरणार? 22 एप्रिलला लष्कराने ठाणं सोडलं. लढाईच्या वर्णनांत शौर्यावर पानंच्या पानं असतात आणि विहिरींना एखादी ओळ मिळते. या लढाईत तरी विहिरींना अधिक जागा द्यायला हवी.

दक्षिणेला वन्नीत, म्हणजे मुख्य बेटाच्या उत्तर भागात, अडचण वेगळी होती. तिथे दाट जंगल, आणि ऑक्टोबर ते जानेवारी ईशान्य मोसमी पावसात चिखल. रणगाडे रुततात, वाहनांना रस्ता सोडता येत नाही, आणि एकाच रस्त्यावरून चालणारी फौज कुठेही कापता येते. मे 1997 मध्ये ‘ए-9’ मोकळा करायला सुरू झालेली लष्कराची जयसिकुरुई मोहीम डिसेंबर 1998 मध्ये सोडून द्यावी लागली. जंगलाने एलटीटीईला सांभाळलं.

2009 मध्ये मात्र याच भूगोलाने त्यांची कोंडी केली. 2 जानेवारीला एलटीटीईच्या ताब्यातलं किलिनोच्ची लष्कराने घेतलं, 9 जानेवारीला एलिफंट पास, 25 ला मुल्लैतीवू. उरली ती समुद्र आणि नंदिकडल खाजण यांमधली वाळूची अरुंद पट्टी. तिथे एलटीटीईबरोबर हजारो सामान्य कुटुंबंही अडकली. एलटीटीई त्यांना बाहेर पडू देत नव्हती आणि लष्कराचे तोफगोळे तिथेच पडत होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये म्हटलं की या शेवटच्या टप्प्यात 40,000 पर्यंत नागरिक मेले असू शकतात. जे सुटले त्यांतले कित्येक जण मुलांना खांद्यावर घेऊन, छातीभर पाण्यातून, ते उथळ खाजण पायी ओलांडून आले.