नाशिक बॉइज

नाशिकजवळच्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीत एकोणिसाव्या शतकात वाढलेली पूर्व आफ्रिकेतील मुले. गुलाम पकडण्यासाठी पडणाऱ्या धाडींत ती घरच्यांपासून तुटली, समुद्रावर ब्रिटिश आरमाराच्या हाती लागली आणि मुंबईमार्गे नाशिकला आली. ब्रिटिश कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ असा येतो. आफ्रिकेत परत गेल्यावर त्यांनाच ‘बॉम्बे आफ्रिकन’ हे नाव पडले. नावात फक्त मुलगे असले तरी आश्रमात मुलीही होत्या. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या सफरीतले सोबती एवढीच त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी सापडते. या नोंदीतही लिव्हिंगस्टन येतो, पण पाहुणा म्हणून.

महाराष्ट्राला आफ्रिकी माणूस नवा नव्हता. जंजिऱ्याचे सिद्दी आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर शाळेच्या पुस्तकातच भेटतात. मलिक अंबरही पोरवयात विकला गेलेला हबशी होता, हे मात्र त्याच्या गनिमी काव्याच्या गोष्टीत मागे पडते. शरणपूरची ज्यांची माहिती उरली आहे ती मुले वेगळ्या मुलखातली: बरीचशी न्यासा सरोवराच्या, म्हणजे आजच्या मलावी सरोवराच्या आसपासची, त्यांतही याओ समाजाची.

त्या मुलखात काय चालले होते ते पाहिल्याशिवाय ही मुले नाशिकपर्यंत कशी आली हे कळत नाही. झांझिबार आणि पेंबा बेटांवर लवंगेच्या बागा वाढल्या होत्या, अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडून माणसांना मागणी होतीच, आणि हस्तिदंत किनाऱ्यापर्यंत वाहायला खांदे लागत. व्यापारी बंदुका, बंदुकीची दारू आणि कापड घेऊन आत जात. ज्या सरदाराकडे बंदुका आल्या तो शेजाऱ्यावर चालून जाई. मग स्वतःला वाचवायला शेजाऱ्यालाही बंदुका हव्या असत, आणि त्यांची किंमत त्याला माणसांतच चुकवावी लागे. दक्षिणेकडून आलेल्या न्गोनी टोळ्यांच्या स्वाऱ्यांनी यात भर घातली. याओ लोक या व्यापारातले मोठे अडते होते, आणि त्याचे बळीही. धाड बहुधा अशी: गाव पेटवायचे, प्रतिकार करणारे पुरुष मारायचे, बायका-मुले बांधून न्यायची, धान्य लुटायचे नाहीतर जाळायचे. रानात पळून जे वाचत त्यांना पुढे उपासमार गाठी. मोठ्यांच्या माना दुबेळक्याच्या लाकडात अडकवून तांडा किल्वा बंदराकडे हाकला जाई. वाटेत जो थकेल त्याला तिथेच टाकत किंवा मारत. किल्व्याहून झांझिबारचा बाजार, आणि तिथून मोसमी वाऱ्यावर उत्तरेला जाणारी गलबते.

याला वंशसंहार म्हणावे का? तो शब्द १९४४ मध्ये राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने घडवला आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या कराराने त्याला कायद्याचा अर्थ दिला. त्या व्याख्येत एखादा मानवसमूह नष्ट करण्याचा हेतू असावा लागतो. धाडी घालणाऱ्यांना समूह संपवायचा नव्हता, माणूस विकायचा होता. तेव्हा हा शब्द सरसकट लावणे योग्य नाही. पण त्याच करारात वंशसंहाराचा एक प्रकार म्हणून ‘एका समूहातील मुले बळजबरीने दुसऱ्या समूहात नेणे’ असे कलम आहे. शरणपूरची हकीकत वाचताना ते कलम दोनदा आठवते. एकदा धाडींच्या संदर्भात. दुसऱ्यांदा, जरा अवघडून, सुटकेच्या संदर्भात. मिशनऱ्यांना त्या कलमाखाली उभे करण्याचा प्रश्न नाही, त्यांनी मुलांचे प्राण वाचवले. तरीही नाव, भाषा आणि देव हे तिन्ही बदलून झाल्यावर वाचलेल्या मुलाकडे आपल्या माणसांचे काय उरले, हा प्रश्न राहतोच.

ब्रिटिश आरमाराची गस्त गुलाम वाहणारी गलबते पकडी आणि त्यांवरच्या माणसांना एडन, मुंबई, सेशेल्स, मॉरिशस अशा ब्रिटिश ताब्यातल्या बंदरांवर उतरवी. त्यांना गावी पोचवण्याची सोय नव्हती आणि तसा विचारही फारसा नव्हता. सात-आठ वर्षांच्या मुलाला गावाचे आणि सरदाराचे नाव सांगता येई. ते गाव युरोपीय नकाशात नसे, आणि धाडीनंतर बहुधा जमिनीवरही नसे. शिवाय त्याला किनाऱ्यावर सोडले तर तो पुन्हा पकडला जाणार, हे उघड होते. म्हणून ‘सुटका’ या शब्दाचा अर्थ इथे मर्यादित घ्यावा लागतो: मालकापासून सुटका. मुंबईत उतरवलेली मुले पोलिसांच्या ताब्यात जात आणि तिथून खासगी घरांत किंवा मिशनच्या संस्थांत वाटली जात.

शरणपूर ही त्यांतली एक जागा. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला १८३२ मध्ये काम सुरू केले. १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने जुन्या नाशिकच्या पश्चिमेला शरणपूर वसवले. धर्मांतरामुळे घराबाहेर पडलेली कुटुंबे आणि अनाथ मुले यांच्यासाठी ते गाव होते. नावातच ‘शरण’ आहे. १८६०च्या सुमारास तिथे आफ्रिकी मुलांचा आश्रम सुरू झाला. शिक्षणाबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवले जात. काही काळ आश्रमाची व्यवस्था पाहणारा सी. डब्ल्यू. आयझेनबर्ग हा जर्मन मिशनरी आधी इथिओपियात राहून आलेला होता. थळ घाटातली, म्हणजे आपल्या कसारा घाटातली रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली. त्याआधी आलेल्या मुलांनी घाट बैलगाडीने किंवा पायीच चढला असणार. आजूबाजूला मराठी बोलणारी वस्ती, वर्गात इंग्रजी आणि बायबल, चालत गेले तर गोदाकाठची देवळे. आईच्या भाषेत बोलायला त्याच भाषेतले दुसरे मूल आश्रमात असेल तरच.

मुलांची नावे हा या विषयातला सर्वांत बोलका भाग आहे. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, केरस फॅरार ही नावे वाचली की आडनावे कुठून आली ते लगेच कळते. प्राइस आणि आयझेनबर्ग वर आलेच. फॅरार हा नाशिक मिशनच्या सुरुवातीचा मिशनरी. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन हीही अशीच बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर आलेली नावे. आपल्याकडे आडनावावरून गाव सांगता येते. इथे आडनावावरून फक्त पाद्री सांगता येतो. जन्मनावे टिकली ती मोजकी. मॅथ्यू वेलिंग्टनचे टिकले: चेंगविंबे.

सप्टेंबर १८६५ मध्ये लिव्हिंगस्टन मुंबईला आला आणि नव्या सफरीसाठी माणसे शोधत नाशिकला जाऊन आला. आश्रमातले ९ तरुण त्याच्याबरोबर निघाले. जानेवारी १८६६ मध्ये ‘थुले’ या जहाजाने मंडळी झांझिबारकडे रवाना झाली. लिव्हिंगस्टनच्या रोजनिशीत या पोरांबद्दल तक्रारी बऱ्याच आहेत, आणि निम्म्याहून अधिक जण पुढे त्याला सोडून गेले किंवा वाटेत मेले. रिचर्ड आजारी पडला, मागे एका गावात ठेवावा लागला आणि तिथेच वारला. पण त्याच रोजनिशीत एक प्रसंग आहे, जो या मुलांविषयी बाकी सगळ्या कागदांपेक्षा जास्त सांगतो.

जुलै १८६६ मध्ये ही मंडळी मटाका या याओ सरदाराच्या गावी, आजच्या उत्तर मोझांबिकमध्ये मुक्कामाला होती. तिथे नाशिकच्या मुलांपैकी अब्राहम याला त्याचा मामा का काका भेटला. (लिव्हिंगस्टनच्या इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, मराठी वाचकाची इथे पंचाईत होते.) त्याने सांगितले की, तुला नेल्यानंतर तुझी आई आणि दोन्ही बहिणी अरबांना विकल्या गेल्या. आता तू इथेच राहा, असा आग्रह त्याने केला, सरदारानेही केला. लिव्हिंगस्टनने स्वतः समजावले. बरेच महिने निभावतील एवढा माल द्यायलाही तो तयार होता. अब्राहमचे उत्तर प्रत्येक वेळी एकच: जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे मी कसा राहू?

तो राहिला नाही. त्याच सफरीतला, पण नाशिकचा नव्हे तर मुंबईच्या शाळेतून आलेला विकाटानी काही आठवड्यांनी आपला भाऊ भेटल्याचे सांगून मागे राहिला. म्हणजे परतीची वाट कुणालाच नव्हती असे नाही. पण गाव सापडणे आणि घर सापडणे यांतला फरक अब्राहमने नेमका ओळखला होता. कुटुंबाची ताटातूट बहुधा एका दिवसाची घटना म्हणून सांगितली जाते. अब्राहमच्या बाबतीत ती त्याच्या पाठीमागेही चालू राहिली, आणि तिचा उरलेला भाग त्याला कित्येक वर्षांनी, मोठा झाल्यावर कळला.

१८७२ मध्ये नाशिकची आणखी ६ मुले लिव्हिंगस्टनच्या शोधासाठी निघालेल्या मोहिमेबरोबर आफ्रिकेत गेली. ती मोहीम गुंडाळली गेली, पण मुले त्याला आत जाऊन मिळाली. मे १८७३ च्या सुरुवातीला, आजच्या झांबियातल्या चितांबो गावी लिव्हिंगस्टन वारला. त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले. जेकब वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरले. खोडाचा तो तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे आहे. मग लिव्हिंगस्टनचे जुने आफ्रिकी सोबती सुसी आणि चुमा यांच्या पुढारीपणाखाली सगळ्यांनी ते शव वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून किनाऱ्याकडे नेले. हजार मैलांहून लांब वाट, सुमारे ९ महिने. उन्यान्येंबे येथे भेटलेल्या कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच पुरा असे सुचवले, ते त्यांनी ऐकले नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये शव किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचले, आणि १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. या प्रवासाची रोजनिशी त्याने इंग्रजीत ठेवली होती. इंग्लंडमध्ये त्याचे कौतुक झाले ते थोडे दिवस. १८९२ मध्ये तो आजच्या टांझानियातल्या उरांबो येथे वारला.

लिव्हिंगस्टनने १५ जुलै १८७१ रोजी न्यांग्वेच्या बाजारात, आजच्या काँगोमध्ये, गुलामांच्या व्यापाऱ्यांनी केलेली कत्तल डोळ्यांनी पाहिली होती. मेलेल्यांत बहुतेक बाजाराला आलेल्या बायका होत्या. ही हकीकत ब्रिटनमध्ये छापली गेली आणि लोकमत तापले. मुंबईचा माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याला झांझिबारला धाडण्यात आले. (मुंबईचे फ्लोरा फाउंटन आधी याच्याच नावाचे व्हायचे होते.) ५ जून १८७३ च्या तहाने तिथल्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद केला. सोडवलेल्या लोकांसाठी किनाऱ्यावरच वसाहत हवी, आणि ती चालवायला नाशिकची शिकलेली माणसे हवीत, असे ठरले. प्राइस स्वतः १८७४ मध्ये मोंबासाला गेला, शरणपूरचा आफ्रिकी आश्रम बंद झाला, आणि मोंबासा बेटासमोर फ्रियरटाउन उभे राहिले. गुलामांचे गलबत दिसले की वाजवायची घंटा तिथे बांधली होती. त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा.

या परतीला ‘मायदेशी परत’ म्हणणे सोयीचे, पण चूक. मोंबासा याओ मुलखापासून शेकडो मैल दूर. नाशिकहून आलेले लोक इंग्रजी बोलत, युरोपीय कपडे घालत. स्थानिकांना ते परके वाटत आणि गोऱ्या पाद्र्यांना शिष्ट. तरी शिक्षक, दुभाषे, कारागीर म्हणून त्यांच्यावाचून चालतही नसे. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे आश्रमातले दोघे १८६४ मध्येच त्या किनाऱ्यावर गेले होते. १८८५ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. जोन्स त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाकडे निघाला. हॅनिंग्टन मारला गेला आणि तांड्यातल्या उरलेल्यांना जोन्सने परत आणले. पुढे मोंबासाजवळच्या रबाई येथे त्याने मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना थारा दिला. मालकांनी हक्क सांगितला तेव्हा मोठा पेच झाला आणि जानेवारी १८८९ मध्ये मोबदला देऊन सुमारे १,४०० जणांना मुक्तिपत्रे देण्यात आली. पोरवयात स्वतः विकला गेलेला माणूस इथे दार उघडून उभा होता. लिव्हिंगस्टनच्या शवयात्रेएवढी या कामाची वाखाणणी झाली नाही. व्हायला हवी होती.

त्या पिढीतला मॅथ्यू वेलिंग्टन, म्हणजे चेंगविंबे, मोंबासाला १९३५ पर्यंत जगला.

नाशिकमध्ये शरणपूर हे नाव आता मुख्यतः रस्त्याचे आहे. सेंट अँड्र्यूज चर्च आहे, त्याच्या पुढे-मागे बँका, दवाखाने, कपड्यांची दुकाने, कॅनडा कॉर्नरची गर्दी. याच रस्त्यावर तिबेटियन मार्केट आहे. थंडी पडली की नाशिककर तिथे स्वेटर घ्यायला जातात. तो बाजारही १९५९ नंतर घर सुटलेल्या लोकांचा.