हुआ (चिनी नावांतील अक्षर)

हुआ : चिनी लिपीतील एक अक्षर. मूळ अर्थ फूल. त्यावरून बहर, झळाळी, वैभव आणि अखेरीस खुद्द चीन देश. मुलांच्या आणि मुलींच्या नावांत ते सारखेच चालते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये ‘के दिहुआ’ या नावाने ओळखले जातात. त्यातले शेवटचे अक्षर हेच.

ब्राँझच्या भांड्यांवरील प्राचीन लेखांत हे अक्षर म्हणजे सरळसरळ फुलांनी लवलेल्या झाडाचे चित्र आहे. पुढे त्याच्या माथ्यावर गवताची खूण बसली, रेघा वाढल्या. साधारण पाचव्या शतकाच्या सुमारास रोजच्या बोलण्यातल्या ‘फुला’साठी दुसरे, सुटसुटीत अक्षर रूढ होऊ लागले आणि या जुन्या अक्षराकडे थाटामाटाचे अर्थ राहिले. बौद्ध ग्रंथांत मात्र फूल टिकले. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीकसूत्राचे चिनी भाषांतर केले, तेव्हा ‘पुंडरीका’साठी ‘लियनहुआ’ म्हणजे कमळफूल असा शब्द योजला. जपानी भाविक त्याच ग्रंथाच्या नावाचा जप करताना ‘रेंगे’ म्हणतात, त्यातला ‘गे’ हे हेच अक्षर. १९५६ च्या लिपीसुधारणेत चीनने त्याला सहा रेघांवर आणले : वर ‘हुआ’ असाच उच्चार असलेले ‘बदल’ या अर्थाचे अक्षर, खाली दहाचा आकडा. उच्चार साधला, चित्र गेले. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनेच रूप लिहितात, आणि तेच अधिक देखणे आहे.

फुलापासून देशापर्यंतचा प्रवास ‘हुआशिया’ या चिनी लोकांच्या प्राचीन स्वनामातून झाला. सातव्या शतकातील भाष्यकार खोंग यिंगदा याने त्याची फोड अशी केली : आचारविधी थोर म्हणून ‘शिया’, वेशभूषा सुंदर म्हणून ‘हुआ’. व्युत्पत्ती म्हणून ती फारशी भरवशाची नाही. पण स्वतःकडे पाहण्याची नजर तीतून कळते. १९१२ चे प्रजासत्ताक आणि १९४९ चे लोकप्रजासत्ताक, दोन्हींच्या अधिकृत नावांत ‘झोंगहुआ’ आहे. सिंगापूरमध्ये चिनी भाषेला ‘हुआयू’ म्हणतात. शिन्हुआ ही वृत्तसंस्था आणि हुआवे ही कंपनी यांच्या नावांतही हेच अक्षर आहे.

व्यक्तिनामात त्याचा अर्थ शेजारचे अक्षर ठरवते. जिआनहुआ म्हणजे चीन घडवणारा, आयहुआ म्हणजे चीनवर प्रेम करणारा किंवा करणारी, झेनहुआ म्हणजे चीनला उभारी देणारा. उलट चुनहुआ म्हणजे वसंतातला बहर, युएहुआ म्हणजे चांदणे. तिथे देशाचा संबंध नाही. प्रांत बदलला की उच्चारही बदलतो : हाँगकाँगचे पहिले मुख्य प्रशासक तुंग ची-ह्वा हे बीजिंगच्या बोलीत ‘जिआनहुआ’च. फोनवर नाव सांगताना घोटाळा नको म्हणून लोक ‘झोंगहुआमधला हुआ’ असे सांगतात.

आडनाव म्हणून मात्र सूर बदलतो. एरवी ‘हुआ’ म्हणताना आवाज आपल्या ‘काय?’सारखा वर चढतो. आडनावात आणि शेन्शी प्रांतातल्या हुआशान या पवित्र पर्वताच्या नावात तो झटक्याने खाली येतो. हान काळाच्या अखेरीस भुलीचे औषध देऊन शस्त्रक्रिया करणारा म्हणून ख्यात झालेला वैद्य हुआ थुओ आणि विसाव्या शतकातले गणिती हुआ लुओगंग हे याच आडनावाचे. माओंनंतर सत्तेवर आलेल्या हुआ ग्वोफंग यांचे जन्मनाव सू झू. जपानविरोधी युद्धाच्या काळात त्यांनी एका प्रतिकार दलाच्या लांबलचक नावातून तीन अक्षरे उचलली. दलाच्या नावात चढता असलेला ‘हुआ’ आडनाव होताच उतरता झाला.

१९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’ आहे. कोटणीसांचे के दिहुआ, नागपूरच्या चोळकरांचे झुओ कहुआ, बसूंचे बा सुहुआ, मुखर्जींचे मु कहुआ. पथकप्रमुख अटल यांचे आय दहुआ. गंमत अशी की ‘एडवर्ड’ हे नाव चिनी लिपीत नेमके याच तीन अक्षरांत लिहितात. कोटणीसांच्या नावाला आणखी एक पदर आहे. ‘दि’ हे एक फुलझाड. ‘शीजिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहातली एक कविता या झाडाच्या बहराने सुरू होते आणि आजच्या माणसांत भावासारखे दुसरे कुणी नाही, असे म्हणते. तेव्हापासून साहित्यात ‘दिहुआ’ म्हणजे भावाभावांचे प्रेम. परक्या आडनावाचे ध्वनी जुळवता जुळवता इतका नेमका अर्थ क्वचितच हाती लागतो.

कोटणीसांनी चिनी सहकारी ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. सेनानी निए रोंगझेन यांनी सुचवल्यावरून त्याचे नाव यिनहुआ ठेवले गेले. ‘यिन’ म्हणजे भारत. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटणीस वारले, तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि यिनहुआ चार महिन्यांचाही नव्हता.